वस्तीची विहीर

चैत्रातलं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं होतं. रामदास ओव्हाळनं शर्ट काढून बाभळीच्या फांदीला अडकवला, टॉवेल कमरेला आवळला आणि विहिरीच्या काठावर उकिडवा बसून खाली पाहिलं. पाणी कुठं दिसतच नव्हतं. निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या, थर्माकोल, गादीतला काळा पडलेला कापूस, करवंट्या, एक फुटका कमोड. शेजारच्या टॉवरची भिंत विहिरीला खेटूनच होती. तिथली माणसं पिशवी गरागरा फिरवून भिंतीवरून सोडायची आणि खिडकी लावून घ्यायची.

त्यानं फावडं आणि घमेलं दोरानं खाली सोडलं आणि कातळातल्या पायऱ्या चाचपत स्वतः उतरला. पाय पिशवीवर पडला तशी पिशवी फुटली. असा वास आला की त्याला दोन पायऱ्या परत वर यावं लागलं. मग नाकातोंडाला फडकं बांधून तो पुन्हा उतरला.

हे काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. शिरसवाडी गाव महापालिकेत जाऊन बरीच वर्षं झाली होती. खराडीच्या कंपन्यांचे मनोरे गावच्या रानात उभे राहिले, वस्तीतली माणसं फ्लॅट घेऊन कुठं कुठं पांगली. वस्तीत आता रामदासचं पत्र्याचं घर, त्याच्या शेजारी कुलूप घातलेलं विहार आणि ही विहीर एवढंच उरलं होतं. त्याची बायको राधा गेल्यापासून घरातही दुसरं माणूस नव्हतं. अशात वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन सांगून गेला, की टॉवरवाल्यांची डासांची तक्रार आहे, पावसाळ्याच्या आत राडारोडा टाकून विहीर बुजवणार.

तेव्हा रामदास केदारला जाऊन भेटला. केदार कोथरूडचा. सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन जुनी गावं पायी हिंडवायचा, ठिकठिकाणी पाट्या लावायचा. शिरसवाडीचाही त्यानं नकाशा केला होता. वेस, तालीम, पार, पाटलाची बारव असं सगळं त्यात होतं. वस्तीची विहीर नव्हती. रामदासनं त्याला हाताला धरून आणलं. केदारनं रुमाल नाकाला लावून आत डोकावलं.

"रामदासकाका, आपलं म्हणणं मला पटतंय," तो म्हणाला. "पण लोकांना आणून दाखवायचं काय? कमोड?"

रामदासनं वाकून ढीग किती खोल आहे त्याचा अंदाज घेतला.

"कचरा निघाला तर बघू. एक मे रोजी इथला पहिला वॉक आहे. एकदा विहीर नकाशात आली, लोक यायला लागले, की मग बुजवणं महापालिकेला जड जातं."

एवढ्या बोलण्यावर रामदास विहिरीत उतरला होता.

घमेलं भरायचं, डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या, लांब नेऊन ओतायचं, परत उतरायचं. मुंढव्याच्या एका फोर्जिंग कारखान्यात त्यानं उभी हयात हातोड्यापुढं काढली होती. आता अंगात ती ताकद नव्हती. एका कानानं कमीच ऐकू यायचं. दुपारपर्यंत घमेलं अर्धंच भरून वर यायला लागलं. तो काठावर आडवा झाला. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "अहो, ती घाण उपसून तिथे टाकू नका, वास येतोय!" रामदासनं मान वर करून पाहिलं. भिंतीवरून आलेल्याच पिशव्या होत्या. फावड्यानं थोडी माती त्या ढिगावर ओढली आणि तो पुन्हा खाली गेला.

दोन-तीन दिवस असे गेल्यावर धोंडिबा येऊन काठावर उभा राहिला. धोंडिबा पाटलाच्या घरातला, तालमीतला जुना गडी. जमिनी विकून पोरांनी मोठ्या गाड्या घेतल्या होत्या आणि ह्याला पारावर बसण्यापलीकडं काम उरलं नव्हतं. शाळेत तो आणि रामदास एका वर्गात होते, एका बाकावर मात्र कधी बसले नव्हते.

"एकटाच मरशील का काय आत?" धोंडिबानं वरून विचारलं.

"मेलो तर बरंच हाय. वरनं राडारोडा टाकायचाच हाय त्यांना."

धोंडिबा हसला. गेला आणि तासाभरानं खांद्यावर दोन वासे आणि हातात जुनी लोखंडी कप्पी घेऊन आला. वासे आडवे टाकून त्यानं कप्पी बांधली, दोर ओवला, सदरा काढून ठेवला. "भर," म्हणाला.

मग काम सरकलं. रामदास खाली भरायचा, धोंडिबा वर ओढायचा. म्हाताऱ्या पैलवानाचे दंड सैल पडले होते, तरी दोर ओढताना आतून गाठी उठायच्या. दोघं फार बोलत नव्हते. "हं" म्हटलं की घमेलं वर जायचं, "आलं" म्हटलं की रामदास भिंतीला चिकटून उभा राहायचा. जेवायच्या वेळी दोघं बाभळीखाली बसायचे. धोंडिबा आपला डबा घेऊन थोडा अलीकडं, रामदास आपली भाकरी घेऊन थोडा पलीकडं. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस फावडं खणकन कातळावर वाजलं. रामदासनं हातानं गाळ सारला. कडेच्या भेगेतून थंड पाणी झिरपत होतं. त्यानं तळवा तिथं टेकवला. पाणी बोटांमधून वर आलं.

"लागलं!" तो ओरडला. आवाज विहिरीत घुमला.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळून गुडघाभर साचलं. रामदासनं कळशी भरून वर दिली आणि मागोमाग आला. आधी स्वतः प्यायला, मग कळशी धोंडिबापुढं धरली. धोंडिबानं कळशीकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं.

"गाळाचं असंल अजून," असं म्हणत त्यानं पिशवीतली बाटली काढली आणि घोट घेतला. मग बराच वेळ बूच लावत बसला. "रामदास, लोकांस्नी काय सांगणार हायेस तू?"

"झालं ते."

"आमच्या म्हाताऱ्याचं नाव घेणार? बारव त्याचीच हुती."

"नाव कुणाचं घेणार न्हाई. पर विहीर का खणली, ते सांगणार."

"ते सांगितलं म्हंजे नाव घेतल्यासारखंच झालं की." धोंडिबा उठला. सदरा चढवला. "आता कोण पाळतंय ते समदं? जुनं उकरून काय मिळतंय?"

रामदासनं कळशी खाली ठेवली. उत्तर द्यायला त्याच्याजवळ खूप होतं, पण गेले कितीतरी दिवस हा माणूस त्याच्यासाठी दोर ओढत होता. धोंडिबा वासे आणि कप्पी तशीच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. उरलेला गाळ रामदासनं एकट्यानंच काढला.

वॉक दोन दिवसांवर आला तेव्हा चेतनचा फोन आला. चेतन रामदासचा एकुलता एक मुलगा. खराडीतच एका कंपनीत होता. बायको अक्षता आणि लहान मुलगी घेऊन मोठ्या सोसायटीत राहायचा. दारावर पाटी होती 'चेतन – अक्षता'. आडनाव नव्हतं. बाबासाहेबांचा फोटो होता, पण आतल्या बेडरूममध्ये. छोटीच्या वाढदिवसाला रामदास तिथं गेला तेव्हा अक्षतानं दारातच हळू आवाजात सांगितलं होतं, "अण्णा, कुणी भेटलं तर नमस्कार म्हणा हं. जय भीम नको." ती स्वतः मान खाली घालून बोलली होती, म्हणून त्याला रागही आला नव्हता.

"अण्णा, तो वॉकचा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय," चेतन म्हणाला.

"व्हय? येतायत का कुणी?"

"येतायत ना, तोच प्रॉब्लेम आहे. आमच्या फ्लोअरवरची चैतालीपण येतीये." तो थांबला. "तुम्ही विहीर दाखवा. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त जनरल सांगा."

"जनरल म्हंजे?"

"म्हणजे... गावकऱ्यांनी बांधली, असं."

"तुझ्या आज्ज्याला गावकरी कोन म्हनत होतं?"

"अण्णा, प्लीज. आधीच्या फ्लॅटचं आठवतंय ना? सगळं ठरलं होतं. किल्ली हातात देताना मालकानं पूर्ण नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, भाचा येणारे राहायला. अक्षता आठ दिवस जेवली नव्हती नीट. आता कुठं सेटल झालोय. छोटीच्या मैत्रिणी आहेत इथं. मला भांडायचं नाहीये कुणाशी. शांतपणे राहायचंय फक्त."

रामदास पत्र्याच्या सावलीत उभा होता. पायाच्या नखांत काळा गाळ घट्ट बसला होता. पोरगा खोटं बोलत नव्हता, हे त्याला कळत होतं.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नको. प्रॉमिस करा."

"तुला तरास व्हईल असं कायबी करणार न्हाई," रामदास म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे कसं जमवायचं ते आपल्याला मुळीच ठाऊक नाही.

एक मे रोजी सकाळी माणसं आली. टोप्या, गॉगल, पाण्याच्या बाटल्या. वेस झाली, तालीम झाली, पाटलाच्या बारवेपाशी फोटो झाले. पारावर धोंडिबा बसला होता. त्यानं सगळ्यांना राम राम केला आणि रामदासवरून नजर तशीच पुढं नेली. मग सगळे वस्तीत आले. धुतलेला कातळ, हिरवट पाणी, वेड्यावाकड्या पायऱ्या पाहून केदारनं भुवया उंचावल्या.

"वा! काका, आपण तर कमालच केलीत. आता आपणच सांगा."

रामदास इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. त्यानं घसा साफ केला.

"ही विहीर..." तो म्हणाला आणि शुद्ध बोलायच्या नादात पुढचे शब्द विसरला. लोक वाट पाहत होते. मग तो आपल्या बोलीत बोलायला लागला. "ही विहीर वस्तीची. म्हंजे आमची. गावात बारव होती, आत्ता बघितली तुम्ही. तिला शिवायची आमास्नी बंदी होती. माझी आई सकाळच्याला घागर घिऊन तिथं बसायची. कुणाला दया आली, वरनं पाणी वाढलं, तर मिळायचं. न्हाई आली तर दुपार व्हायची. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. परत आले आन् म्हनाले, आता घागर घिऊन बसायचं न्हाई. म्होरच्या उन्हाळ्यात ही खणायला घेतली. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं आन् सांच्याला हितं. सुरुंग कुठला? घण आन् छिन्नी. जे घर ज्या दिवशी येईल त्यानं आपली एक पायरी फोडायची. म्हणून बघा, एकीसारखी दुसरी न्हाई."

तो थांबला. एकानं टोपी काढून वारा घेतला.

"म्हणजे सत्तावन्न सालची," गॉगलवाल्या गृहस्थानं हिशेब केला. "तशी फार जुनी नाही म्हणायची."

"इंटरेस्टिंग पण," दुसरं कुणी म्हणालं. एका मुलीनं फोन वर करून विहिरीपुढं स्वतःचा फोटो काढला. केदारनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

गर्दी हलायला लागली तशी एक तरुण बाई रामदासजवळ आली. चेहरा ओळखीचा वाटत होता. केक कापताना तिनं छोटीला कडेवर घेतलं होतं, हे त्याला आठवलं.

"काका, तुम्ही चेतनचे बाबा ना? मी चैताली. त्यांच्या शेजारीच राहते. वाढदिवसाला भेटलो होतो आपण."

ती हसत होती. चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. कदाचित तिला काहीच वाटलं नसतं. कदाचित ती चेतनला जाऊन कौतुकानं म्हणाली असती. पण रामदासला ते कुठून कळणार? त्यानं विहिरीकडं पाहिलं. बापाची विहीर त्यानं सांगितली होती, सगळ्यांदेखत, एक शब्द न लपवता. आता राहिला होता पोरगा.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "चेतन कोन? मला न्हाई ठावं. तुमची कायतरी गफलत हुतीय."

"ओह, सॉरी हं काका. अगदी तसेच दिसता."

"असतात एकासारखी एक मानसं."

ती गेली. रामदास काठावर बसला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी चेतनचा फोन आला. बराच वेळ तो ऑफिसचं, उन्हाचं, छोटीच्या सर्दीचं बोलत राहिला. मग म्हणाला, "चैताली भेटली लिफ्टमध्ये. सांगत होती, तुझ्या बाबांसारखेच दिसणारे एक काका होते."

"मग तू काय म्हनलास?"



"म्हटलं, माझे बाबा नगरला असतात."

"बरं केलंस."

"अण्णा..."

"बरं केलंस म्हनतोय ना."

"जेवलात का?"

"जेवलो," रामदास म्हणाला. चूल सकाळपासून पेटलेली नव्हती.

केदारच्या लोकांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, वॉकचे फोटो जोडले. राडारोड्याची गाडी आली नाही. पावसाळ्यानंतर विहिरीवर दार असलेली लोखंडी जाळी बसली आणि भिंतीलगत पाटी लागली. रामदासनं चष्मा पुसून ती वाचली. 'जुनी विहीर. ग्रामस्थांनी श्रमदानातून खोदली.'

"केदारसाहेब, ग्रामस्थ न्हवं. वस्तीनं खणली. आमच्या लोकांनी."

"काका, बरोबर आहे आपलं," केदार अवघडून म्हणाला. "पण पाटीला गावातल्या मंडळींचीही संमती लागते. पाटी कशी, कायम राहते. तिच्यावरून वाद नको. आणि आपण आहातच की सांगायला. आपण जे तोंडी सांगता ते कुठल्या पाटीत मावतंय?"

बोलणं गोड होतं. रामदास पाटीसमोर जरा वेळ उभा राहिला. मग जाळीची किल्ली त्यानं मागून घेतली.

तेव्हापासून वॉक असेल त्या रविवारी तो पांढरा सदरा घालून विहिरीपाशी उभा राहू लागला. कधी माणसं जास्त असत, कधी चार-दोन. कुणी ऐकत, कुणी सावली शोधत. पाटीवर जे नव्हतं ते तो दर वेळी पहिल्यापासून सांगायचा. लोक निघून गेले की जाळी लावायची आणि घरी येऊन पातेल्यात एकट्यापुरता भात टाकायचा. चेतनचा फोन आठवड्याला यायचा. विहिरीचं नाव दोघंही काढत नव्हते.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी पुष्कळ माणसं आली. चैताली होती, तिनं लांबूनच हात जोडले. रामदासनं बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता त्याची नजर मागच्या रांगेवर गेली. तिथं चेतन उभा होता. डोक्याला टोपी, खांद्याला सॅक, सोसायटीतल्या चार पुरुषांच्या मधोमध.

रामदासचं वाक्य अर्ध्यात तुटलं. केदारला वाटलं, म्हाताऱ्याला दम लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. रामदास घोटभर प्यायला. मग पुन्हा बोलायला लागला. नजर त्यानं पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या शालीवर ठेवली आणि तिथून हलू दिली नाही. पण त्या दिवशी त्यानं जे सांगितलं ते कुठल्याच रविवारी सांगितलं नव्हतं. आई पोटुशी होती आणि शेवटच्या महिन्यापर्यंत दगडाची पाटी वाहत होती, ते सांगितलं. बापाच्या हातावर घण बसून बोट गेलं आणि तिसऱ्या दिवशी बाप चिंधी बांधून पुन्हा उतरला, ते सांगितलं. पाणी लागलं त्या संध्याकाळी वस्तीतलं एकही माणूस जेवलं नाही. सगळी रात्रीपर्यंत नुसती पाणी पीत बसली, लहान पोरांची पोटं दुखायला लागली, तरी पीत राहिली, तेही सांगितलं. घरात चेतन लहान असताना हे सांगायला जावं तर त्याचा अभ्यास असायचा. पुढं मोठा झाल्यावर तो विषय बदलायचा. आज तो मधून उठून जाऊ शकत नव्हता.

"आन् हिकडं बगा, ही पायरी आमच्या बापाची," म्हणत रामदास जाळीचं दार उघडून दोन पायऱ्या खाली उतरला. दाखवून वर येताना ओल्या शेवाळावरून पाय सटकला. गुडघा दुमडला. बायका ओरडल्या.

मागच्या रांगेतून लोकांना दोन्ही बाजूंना सारत चेतन पुढं आला. त्यानं वाकून बापाचा दंड दोन्ही हातांनी पकडला. पकड इतकी घट्ट होती की रामदासच्या दंडातून कळ निघाली. चेतननं त्याला ओढून काठावर घेतलं. टोपी खाली पडली होती. दोघांचे चेहरे अगदी जवळ आले. चेतनचे डोळे लाल झाले होते, ओठ हलत होते. रामदास वाट पाहत होता. सगळी माणसं भोवती उभी होती.

"सावकाश," चेतन म्हणाला. "सावकाश, काका."

रामदासनं मान हलवली. सदऱ्यावरचं शेवाळ झटकलं. खाली पडलेली टोपी उचलून, मांडीवर आपटून तिची धूळ काढली आणि त्याच्या हातात दिली.

"लई उपकार झाले, साहेब," तो म्हणाला.

"लागलं नाही ना फार? चला, मग पुढे जाऊ या," केदार म्हणाला. माणसं बोलत बोलत हलली. चार पुरुषांमधल्या एकानं चेतनच्या पाठीवर थाप मारली, "काय चपळ निघालास रे!" म्हणाला. चेतन त्यांच्याबरोबर चालायला लागला.

टोप्यांच्या गर्दीतली ती पाठ रामदासला लांबूनही ओळखू येत होती. ती वळते का ते बघत तो उभा राहिला नाही. त्यानं जाळीचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि दुसऱ्या हातानं दंड चोळला. पकडलेली जागा अजून दुखत होती.